आयर्विनचे फूट बेंगळुरूत कसे सांगायचे?

ताई,
मी सांगलीवाडीची. वय २६. मिरजेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. २०१९ च्या पुरात आमचं घर पाण्यात होतं, २०२१ ला पुन्हा. त्यानंतर मी रात्री बसून एक प्रोग्राम लिहिला. रोजच्या पूरपत्रकातून सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग उचलायचा, किती फुटाला कोणता रस्ता बंद होतो ते नकाशावर दाखवायचं आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं. पायथन या भाषेत आहे, नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर टाकलाय, लिंक सोबत देते. मैत्रिणीने मागे लागून बेंगळुरूच्या एका ओपन सोर्स (कुणालाही वापरता, बदलता येणाऱ्या खुल्या कोडच्या) परिषदेला प्रस्ताव पाठवायला लावला आणि तो स्वीकारला गेला! प्रस्तावही सोबत जोडलाय. वीस मिनिटांचा टॉक आहे. तेव्हापासून झोप नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. तिथे लिनक्स कर्नल आणि डेटाबेस लिहिणारी माणसं येणार, त्यांच्यापुढे मी माझ्या सहाशे ओळींचं काय सांगू? आई म्हणते, एवढ्या लांब एकटी कशाला? साहेब म्हणतात, सुट्टी घे, पण कंपनीचं नाव मध्ये आणू नकोस. शनिवारपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून टाकू का?
– एक वाचक, सांगलीवाडी

मैत्रिणी,

नाही म्हणू नकोस. जा आणि बोल.

प्रस्ताव निवडणारी मंडळी बहुतेक वेळा स्वतः कोड लिहिणारी असतात आणि हे काम आपला वेळ घालून करतात. उपकार म्हणून ती कुणाला वीस मिनिटं देत नाहीत. तुझा प्रस्ताव वाचूनच त्यांनी होकार दिलाय. डेटाबेस लिहिणाऱ्या माणसाला सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी आधी कुठल्या बाजूने शिरतं हे ठाऊक नसतं. ते तुला ठाऊक आहे, आणि ते तू इतरांना वापरता येईल अशा रूपात लिहून ठेवलंस. अशा परिषदांना येणाऱ्यांतले पुष्कळजण याच गोष्टीसाठी येतात: मी जे लिहिलं त्याचं पुढे कुणी काय केलं, हे ऐकायला.

शिवाय या वाटेवर तुझ्या आधी माणसं चालून गेली आहेत. २०१५ च्या चेन्नईच्या पुरात ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारावर पाण्याखालचे रस्ते नोंदवायचा नकाशा उभा राहिला आणि लोकांनी घरबसल्या त्यात रस्ते रंगवले. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात ‘केरळ रेस्क्यू’ ही मदतमागणीची साइट उभी राहिली. तीही पायथनमधलीच, जँगो या वेबसाइट बांधायच्या साधनावर बांधलेली, आणि तिचा कोड सगळ्यांसमोर खुला असल्यामुळे अनोळखी स्वयंसेवकांनी तो भर पुरात सुधारला. ही दोन्ही कामं जाण्याआधी नीट वाचून जा. टॉकमध्ये त्यांचा उल्लेख कर आणि आपलं काम वेगळं कशात आहे ते सांग. ती दोन्ही पूर आल्यावर उभी राहिली. तुझं काम पाणी चढत असताना, रस्ता बंद व्हायच्या आधी सांगू पाहतं. हे एवढं स्पष्ट झालं की टॉक अर्धा तयार झाला.

आता मला जे खरं सांगायचंय ते. परिषदेतला टॉक चांगला झाला की नाही हे टाळ्यांवर ठरत नाही. त्या रात्री हॉटेलवर जाऊन दोनतीन माणसांनी तुझा रेपो (गिटहबवरची तुझ्या कोडची जागा) उघडला, आणि उघडल्यावर त्यांना हात लावता आला, तर टॉक चांगला झाला. म्हणून तयारीचा मोठा भाग स्लाइडमध्ये घालू नकोस, रेपोमध्ये घाल. मी तुझी लिंक उघडून पाहिली. कोड स्वच्छ आहे, फंक्शनची नावं वाचली की काम कळतं. पण बाहेरच्या माणसासाठी तिथे दार नाही. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि घराला कुलूप घालून ठेवायचं, असं होईल.

पहिली गोष्ट लायसन्सची, म्हणजे हा कोड कुणी कसा वापरायचा याच्या लेखी परवानगीची. तुझ्या रेपोत लायसन्सची फाइलच नाही. अशा कोडचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडे राहतात. गिटहबवर लोक तो पाहू शकतात, फोर्कही करू शकतात, म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत घेऊ शकतात, पण बदलून स्वतःच्या गावासाठी चालवायची परवानगी त्यांना मिळत नाही. ज्याला तू ओपन सोर्स म्हणतेस तो कोड आज कायद्याने ओपन सोर्स नाही, आणि त्या सभागृहात ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी लक्षात येईल. एमआयटी नावाचं लायसन्स सोपं आहे, पण माझा कौल एजीपीएल या दुसऱ्या लायसन्सला. तुझं काम वेबवर चालतं. उद्या कुणी ते घेऊन, बदलून आपल्या सर्व्हरवर चालवलं, तर वापरणाऱ्यांना तो बदललेला कोडही द्यायला एजीपीएल त्याला बांधून घेतं. पुराची माहिती कुणाच्या बंद ॲपमध्ये अडकू नये असं मला मनापासून वाटतं. तुलाही वाटत असेल तर हेच घे.

लायसन्स लावण्याआधी मात्र साहेबांशी बोल. ते म्हणाले ते एका अर्थी बरोबर आहे, पण अर्धवट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाते. तुझं काम नोकरीचा भाग नव्हतं, रात्रीचं होतं. तरी नेमणुकीच्या पत्रात एखादं कलम काय म्हणतं ते वाच, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर काही लिहिलं असशील तर तेही सांग. ‘हा प्रोग्राम माझा आहे, कंपनीचा त्यावर हक्क नाही’ एवढं एका ईमेलमध्ये त्यांच्याकडून लिहून घे. कंपनीचं नाव स्लाइडवर नको म्हणतात तर नको, पण त्या बदल्यात हे पत्र मागणं रास्त आहे.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. रस्त्यांच्या फाइलमध्ये एका ठिकाणी तू शेरा लिहिलायस की ही रेघ ‘जीमॅपवरून घेतली’. गुगल मॅपवरून रेघ गिरवून ती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये किंवा त्यावर उभ्या असलेल्या डेटात घालता येत नाही. गुगलच्या अटी ती परवानगी देत नाहीत आणि ओपनस्ट्रीटमॅपवाले असा डेटा दिसला की काढून टाकतात. जाण्याआधी त्या रेघा पुसून पुन्हा काढ. अवघड काही नाही: फोनमध्ये जीपीएस नोंद चालू करून स्कूटरवरून त्या गल्ल्यांतून एक चक्कर मार, किंवा ओपनस्ट्रीटमॅपला वापरायला मुभा असलेल्या उपग्रहचित्रांवरून काढ, ती संपादन करतानाच पर्यायांत दिसतात. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा २०१२ पासून ओडीबीएल या लायसन्सखाली आहे. त्यातून तयार झालेला तुझा रस्त्यांचा डेटा जाहीर करायचा तर तोही त्याच अटींवर द्यायचा, आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचं श्रेय दिसलं पाहिजे. तुझ्या पानावर ते सध्या झाकलं गेलंय, फोनवर उघडून बघ.

आणि फूट. तुझ्या यादीत कर्नाळ रोडसमोर आकडा आहे, इनामदार प्लॉटसमोर आहे, पण हे आकडे आले कुठून? तू स्वतः पाहिलेस, बाबांनी सांगितले, की पेपरात वाचलेस? कुठल्या पुरातला आकडा आहे? प्रत्येक रस्त्यापुढे हे दोन रकाने वाढव: कुणी सांगितलं आणि कोणत्या वर्षीचं. जो आकडा अंदाजाचा आहे त्यापुढे ‘अंदाज’ असं लिही. यामुळे तुझं काम कच्चं दिसणार नाही. उलट जो माणूस उद्या कराडसाठी किंवा शिरोळसाठी असंच काही करू पाहील त्याला कळेल की कशी नोंद ठेवायची.

सांगलीतल्या माणसाला ‘आयर्विनला किती?’ एवढं विचारलं की पुरतं. चाळीस म्हटलं की इशारा, पंचेचाळीस म्हटलं की धोका, आणि २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. बेंगळुरूच्या सभागृहात यातलं काहीच कुणाला माहीत नसणार. त्यांना वाटेल पंचेचाळीस फूट म्हणजे घरात पंचेचाळीस फूट पाणी! म्हणून टॉकची सुरुवात इथूनच कर. १९२९ चा एक पूल, त्याच्याजवळ पातळी मोजायची पट्टी, आणि त्या एका आकड्यावर शहर ठरवतं की सामान माळ्यावर चढवायचं की घर सोडायचं. मग वरून कोयनेचं पाणी, सुमारे १०५ टीएमसीचं धरण, कराडला कृष्णेला मिळणारं. खाली हरिपूरला वारणा मिळते आणि तिलाही पूर असला की सांगलीचं पाणी लवकर उतरत नाही. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हेही सांगून टाक. एक साधा हाताने काढलेला नकाशा या सगळ्याला पुरेल.

त्यानंतर मला वाटतं सर्वांत रंगतदार भाग पत्रकाचा आहे, आणि तो तू प्रस्तावात दोन ओळींत संपवलायस. पीडीएफमधून मजकूर काढला की मराठीच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं येतात, कारण पत्रक युनिकोडमध्ये टाइप केलेलं नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. मग तू पान चित्र म्हणून वाचायला टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लावलंस, मराठीच्या डेटासकट. त्यात देवनागरी अंक वाचताना झालेला घोटाळा तू शेऱ्यात लिहून ठेवलायस: १ आणि ९ ची अदलाबदल, आणि ‘४१’ चे ‘४९’ होणं. पुराच्या दिवशी या एका अंकाने इशाऱ्याचा धोका होतो. आणि त्यावरचा तुझा उपाय, मागच्या नोंदीशी ताडून न पटणारा आकडा अडवून ठेवायचा आणि माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, तो किती शहाणपणाचा आहे याची तुला कल्पना नाही. तमिळ, कन्नड, बंगाली पत्रकांशी झुंजणारी माणसं तिथे बसलेली असतील. हा भाग मोठा पडद्यावर दाखव: डावीकडे पत्रक, मध्ये यंत्राने वाचलेलं, उजवीकडे तपासून घेतलेलं. घाई करू नकोस, चारपाच मिनिटं दे.

एक विनंती आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला नाव उलटली तेव्हाची छायाचित्रं खूप फिरली होती. ती स्लाइडवर लावू नकोस, आणि कुणी सुचवलं तरी लावू नकोस. विषय किती गंभीर आहे हे तुझ्या रस्त्यांच्या यादीवरून कळतं. ज्यांची माणसं गेली ती घरं पलूस तालुक्यात आजही आहेत आणि टॉकचं रेकॉर्डिंग कायमचं राहतं.

त्याच कारणासाठी टॉकमध्ये आणि वेबपानावर मराठीत ठळक लिही की ही अधिकृत सूचना नाही, घर सोडायचं की नाही ते प्रशासनाच्या सूचनेवरून ठरवा. लायसन्समध्ये ‘कसलीही हमी नाही’ असं वाक्य असतं, पण सांगलीवाडीची आजी लायसन्स वाचत नाही.

इंग्रजीचं. आधी सगळा टॉक मराठीत बोल, घरी नव्हे, गल्लीतल्या अशा माणसासमोर ज्याला पुराचं कळतं आणि कॉम्प्युटरचं कळत नाही. कुठे त्याचा चेहरा कोरा होतो ते बघ. क्रम तिथेच लागतो. मग इंग्रजीत बसव, लहान वाक्यांत. एका वाक्यात एक क्रियापद पुरे. सगळं पाठ करू नकोस, पाठांतर एका जागी तुटलं की पुढचं सगळं जातं. फक्त पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन तोंडपाठ असू दे. मधलं तुझ्याच कामाचं आहे, ते येईल. हिंदीत बोललं तर चालेल का, हे आयोजकांना विचारायलाही हरकत नाही. दुसरी तालीम वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजच्या पाचसहा मुलामुलींपुढे इंग्रजीत कर आणि त्यांना सांग की मुद्दाम वाकडे प्रश्न विचारा.

प्रश्न येतीलच. ‘केंद्रीय जल आयोगाची माहिती का घेत नाही?’ ‘व्हॉट्सॲपवर का पाठवता, ते तर बंदिस्त आहे?’ पहिल्याचं उत्तर असं, की गल्लीतल्या माणसाला स्थानिक पत्रकातलाच आकडा ओळखीचा वाटतो. दुसऱ्याचं उत्तर साधं आहे: आई व्हॉट्सॲपवर आहे. लाजू नकोस. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारायला लाव, आणि उत्तर देण्याआधी तो माइकवर स्वतः म्हण, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसतंच उत्तर राहतं. जे माहीत नाही त्याला ‘माहीत नाही, रेपोवर इश्यू (त्रुटीची किंवा सूचनेची नोंद) लिहाल का?’ असं म्हण. त्या जगात हे उत्तर आदराने घेतलं जातं. एखादा प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच भाषण सुरू करतो. त्याला ‘नंतर बोलू’ म्हणून पुढच्या हाताकडे वळ.

यंत्रांचं थोडक्यात. परिषदेच्या वायफायवर विसंबून डेमो करू नकोस, आधी रेकॉर्ड करून ठेव. काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक अक्षरं प्रोजेक्टरवर दिसत नाहीत. स्लाइडची पीडीएफ पेनड्राइव्हवर ने, आणि ती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघ: फॉन्ट आत बसला नसेल तर ‘कृष्णा’चा ष आणि णा सुटे होऊन पडतात. एचडीएमआयचा जोड स्वतःचा असू दे.

आईला काय सांगायचं? मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, रात्रीत बेंगळुरूला सोडते. आयोजकांना आजच लिही की मी एकटी येतेय, परिषदेजवळ राहायची सोय सुचवा, आणि येणाऱ्या इतर बायकांशी ओळख करून द्या. पुष्कळ परिषदांची आचारसंहिता लिहिलेली असते आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचा फोन नंबरही असतो. ते पान मराठीत समजावून आईला वाचून दाखव, नंबर तिच्या फोनमध्ये घालून दे. माझ्या अनुभवात आयांना ‘काळजी करू नको’पेक्षा एक नंबर जास्त धीर देतो.

पैशांबद्दलही त्याच पत्रात विचार. वक्त्यांना प्रवासखर्च देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीच्या वार्षिक परिषदेत तर प्रवास, राहणं आणि जेवण यांसाठी रीतसर अर्ज असतो, २०२३ ला ती कोचीत झाली तेव्हाही होता. मात्र पैसे सहसा नंतर, बिलं दिल्यावर मिळतात. आधी हातातून जाणं जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही. यात कमीपणा नाही, आयोजकांना हे पत्र नवीन नसतं. तिकिटाची आणि राहण्याची पावती जपून ठेव.

तिथे गेल्यावर सगळा वेळ सभागृहात बसून राहू नकोस. टॉक रेकॉर्ड होतात, नंतर घरी पाहता येतात. चहाच्या टेबलाशी उभी राहिलेली माणसं पुन्हा मिळत नाहीत. या मंडळींत त्याला ‘हॉलवे ट्रॅक’ म्हणतात आणि जुनी माणसं त्यासाठीच येतात. नकाशावाले कुठे बसलेत ते शोध, भारतीय भाषांच्या फॉन्टवर आणि ओसीआरवर (चित्रातली अक्षरं ओळखण्यावर) काम करणारे शोध, केरळच्या पुरात कोड लिहिलेलं कुणी आलंय का विचार. ओळख करून घेताना ‘मी नवीन आहे’ने सुरू करू नकोस. ‘आमच्या नदीचं पत्रक जुन्या फॉन्टमध्ये येतं, तुमच्याकडे काय करता?’ असं विचार. समोरचा तासभर बोलेल. परिषदेत पाच मिनिटांचे आयत्या वेळचे टॉक असतील तर ते आवर्जून ऐक, कामाची माणसं तिथेही सापडतात.

टॉकच्या शेवटच्या स्लाइडवर आभार नकोत. तिथे रेपोचा पत्ता आणि तीन कामं लिही जी बाहेरचा माणूस एका संध्याकाळी करू शकेल: अंक वाचणाऱ्या भागासाठी चाचण्या, फोनवर नकाशाचं श्रेय नीट दिसणं, आणि कन्नडमध्ये भाषांतर, कारण हीच कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. प्रत्येकाचा इश्यू आधीच उघडून ठेव, त्यात कुठल्या फाइलमध्ये हात घालायचा तेही लिही. रीडमी, म्हणजे रेपोची ओळख करून देणारी फाइल, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कर.

परतल्यावर जो कुणी काही पाठवेल त्याला आठवड्याच्या आत उत्तर दे, ‘पाहते’ एवढं जरी लिहिलंस तरी. पहिल्या पुल रिक्वेस्टला, म्हणजे कुणी सुचवलेल्या कोडमधल्या बदलाला, महिनाभर उत्तर नाही आलं तर तो माणूस पुन्हा येत नाही. आणि पावसाळा सुरू व्हायच्या आत निदान एका माणसाला रेपोची चावी देऊन ठेव, सांगलीबाहेरच्या. २०१९ ला तुमच्याकडे वीज किती दिवस नव्हती ते आठव. पाणी चढेल तेव्हा तू घरातलं सामान वर चढवत असशील, आणि आलेला आकडा तपासून पुढे सोडायला तेव्हा कोरड्या जागी बसलेलं कुणीतरी हवं. असा माणूस शोधायलाच तू बेंगळुरूला चालली आहेस, असं समज. होकाराचं पत्र शनिवारची वाट न पाहता आजच पाठव.